पोलरायझर लावला की काच नाहीशी होते म्हणे

"काच काढू नका. पोलरायझर लावा, ४५ अंशांवर दोन दिवे ठेवा, थोडं बाजूने काढा. वाकडेपणा ॲप सरळ करतं." काचेच्या फ्रेममधल्या चित्राचा फोटो कसा काढायचा, यावर नागपुरातल्या चित्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला फिरतो. (पोलरायझर म्हणजे लेन्सवर लावून फिरवायचा, एकाच दिशेत कंप पावणारा उजेड आत सोडणारा फिल्टर.) यातली पहिलीच गोष्ट तेवढी अर्धी खरी आहे.

काचेवरून परतणारा उजेड पुरता ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, होतो तो काचेवरच्या लंबाशी सुमारे ५६ अंशांच्या कोनात. समोरून फोटो काढताना कोन शून्याजवळ असतो. तिथे फिल्टर कितीही फिरवा, प्रतिबिंब तसंच राहतं, वर दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त, उजेड जातो. दोन्ही दिव्यांवर पोलरायझिंग शीट लावून लेन्सवरचा फिल्टर त्यांना ९० अंशांत फिरवला, तर दिव्यांची चमक जाते. नुसत्या फिल्टरने नाही.

बरं, बाजूने काढलं तर? ५६ अंशांवरून, काचेपुढे १ सेमी आलेली फ्रेमची पट्टी चित्राची दीड सेमी कड झाकते. ती ॲप कुठून आणणार?

४५ अंशांचा नियम काच नसलेल्या चित्राला चालतो. काच असली की कॅमेऱ्याचं अंतर आधी बघायचं. चित्र ९० सेमी रुंद, कॅमेराही ९० सेमीवर, आणि दिवा मध्यापासून १ मीटर बाजूला, १ मीटर पुढे: दिव्याचं प्रतिबिंब मध्यापासून ४७ सेमीवर पडतं, म्हणजे चित्राच्या कडेपासून जेमतेम २ सेमी बाहेर. दिव्याला उजेड पसरवणारी छत्री लावली की ते आत आलंच. कॅमेरा चित्रापासून अडीच मीटरवर नेला तर तेच प्रतिबिंब ७१ सेमीवर जातं. म्हणून ८५ मिमी लेन्स (फुल फ्रेम, म्हणजे ३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर), एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉड, २ सेकंदांचा टायमर. चित्राच्या मधोमध काचेला छोटा सपाट आरसा टेकवा. त्यात लेन्स बरोबर मध्ये दिसली की कॅमेरा सरळ.

सल्ल्यात नसलेली गोष्ट म्हणजे तुम्ही स्वतः. साधी काच समोरून सुमारे ८ टक्के उजेड परतवते. गडद चित्रावर पांढरा शर्ट हमखास उमटतो. गांधीबागेच्या कापडबाजारातून दोन मीटर काळी मखमल आणा, लेन्सपुरतं भोक पाडा आणि तिच्यामागे उभे राहा. मे महिन्यात पडद्याच्या फटीतून येणारं ऊनही पुरेसं नडतं, त्यामुळे काम रात्री करा, ट्यूबलाइट बंद ठेवून. कुलरही बंद, नाहीतर ट्रायपॉड थरथरतो. घाम येईल, इलाज नाही.

आणि "काच काढू नका"? माउंट (काच आणि फोटो यांच्यामधली पुठ्ठ्याची चौकट) नसलेला जुना फोटो दमटपणाने काचेला चिकटला असेल, किंवा पेस्टल-कोळशाचं काम असेल, तर खरंच काढू नका. बाकी चित्रांची मागची टेप कापा, खिळे पक्कडीने सरळ करा आणि चित्र बाहेर घ्या. वर सांगितलेली निम्मी खटपट वाचते.