आधी वर्ग, मग काडतूस
लांब पल्ल्याच्या नेमबाजीवरच्या लेखातलं ‘नवख्याने डोळे मिटून 6.5 क्रीडमूर (या काडतुसाची रायफल) घ्यावी’ हे वाक्य खटकलं. एफ-क्लास, म्हणजे रायफलला आधार लावून लांबवर नेम धरायच्या स्पर्धेतल्या एफ-टीआर या वर्गात .223 आणि .308 या दोनच काडतुसांना परवानगी आहे. क्रीडमूर घेऊन गेलात की बहुतेकदा थेट ओपन वर्गात, जिथे इतर काडतुसंही चालतात, 7 एमएम रायफलवाल्या मुरलेल्या मंडळींच्या पंगतीत! इथे टेक्सासमध्ये पहिल्या मॅचला माझी हीच फजिती झाली.

वाऱ्यात क्रीडमूरची गोळी कमी सरकते, हे लेखात लिहिलंय ते मात्र खरं आहे. ताशी 10 मैलांच्या आडव्या वाऱ्यात 1000 यार्डांवर .308 ची 175 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वजनाची गोळी साधारण अडीच मीटर सरकते. क्रीडमूरची 140 ग्रेनची त्याहून अर्धा-पाऊण मीटर कमी. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10 इंचांचं, म्हणजे फरक मोठाच. पण रायफलच्या नळीच्या आयुष्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. माझी क्रीडमूरची नळी अडीच हजार फैरींच्या आसपास झिजून नेमाला ढिली पडली. .308 ची चार हजार ओलांडूनही धडधाकट आहे. शिवाय या .308 नेच मला वारा वाचायला शिकवलं, पुष्कळ गुण घालवून.