तुमच्या मिक्सला आम्ही 'नापास' म्हणालो, त्याबद्दल

नमस्कार,

तुमचा अभिप्राय दोनदा नीट वाचला. तुमच्या तक्रारी तीन आहेत. 28 दिवसांच्या क्यूबला (साच्यात घट्ट झालेला ठोकळा दाबून पाहण्याची चाचणी) 50 मेगापास्कलच्या वर गेलेलं काँक्रीटचं मिक्स आम्ही 3D प्रिंटिंगसाठी, म्हणजे नोझलमधून थरावर थर टाकून भिंत उभारण्यासाठी, नापास केलं. पंप आमचा तुंबला आणि खापर तुमच्या मिक्सवर फोडलं. रिपोर्ट समजून घ्यायला फोन केलात तर कुणी धड बोललं नाही. लॅब माझी आहे, रिपोर्टवर सहीही माझी आहे, म्हणून उत्तर मीच देतो.

फोनची चूक सरळसरळ आमची. माफ करा.

आता क्यूब. तुमचा आकडा खरा आहे, त्यावर आमचा वाद नाही. पण क्यूब साच्यात भरतात, ठोकून हवा काढतात आणि साचा दुसऱ्या दिवशी उघडतात. प्रिंटिंगमध्ये शटरिंगच (काँक्रीटला धरून ठेवणारा साचा) नसतं. नोझलमधून पडलेल्या थराला लगेच वरचे थर अंगावर घ्यावे लागतात, आणि तेव्हा सिमेंटने अजून जीव धरलेला नसतो. 10 मिलिमीटरचा थर आणि 2200 किलो प्रति घनमीटर घनता धरली, तर एकेका थराचा खालच्यावर साधारण 216 पास्कल दाब पडतो. तुमच्या 50 मेगापास्कलपुढे हे काहीच वाटत नाही. पण ताज्या मिक्सची ताकद किलोपास्कलमध्ये, म्हणजे मेगापास्कलच्या हजाराव्या भागात, मोजावी लागते. आमच्या 25 सेंटिमीटर व्यासाच्या गोल स्तंभात बाराव्या थरापासूनच तळाचा थर कडेने फुगू लागला. सतरावा थर पडताना तळावर जेमतेम साडेतीन किलोपास्कल दाब होता, आणि स्तंभ एका अंगाला बसला. व्हिडिओ तुम्हाला पाठवलेला आहे.

इथपर्यंत आमचं बरोबर होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा होता, हे मला तुमचा अभिप्राय वाचल्यावर पुन्हा फाइल उघडली तेव्हा लक्षात आलं.

त्या स्तंभाचा एक फेरा पाऊण मीटरच्या आसपास. नोझल सेकंदाला 50 मिलिमीटर चालत होतं, म्हणजे 16 सेकंदांत एक थर. सतरावा थर पडला तेव्हा तळाचा थर जेमतेम सव्वाचार मिनिटांचा होता. तुमच्या भिंतीचा फेरा 12 मीटरचा आहे. त्याच वेगाने एका थराला 4 मिनिटं लागतील आणि सतरावा थर यायला तासाहून जास्त वेळ जाईल. तोवर तळ किती आवळलेला असेल याचा अंदाज आमच्याच रिपोर्टच्या चौथ्या पानावर होता. ताज्या मिक्सची 70 मिलिमीटर व्यासाची, 140 मिलिमीटर उंचीची नळकांडी 0, 15, 30, 60 आणि 90 मिनिटांनी दाबून पाहिली, त्याचा तो तक्ता. साठाव्या मिनिटाचा आकडा पहिल्याच्या कितीतरी पट आहे. भिंतीचा फेरा किती, हे नमुना घेतानाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही. 'नापास' ऐवजी 'इतक्या जलद फेऱ्याला टिकत नाही' एवढंच लिहायला हवं होतं.

म्हणून ते लगेच पास होतं असंही नाही, आणि हे तुम्हाला रुचलं नाही तरी सांगणं भाग आहे. जो वेळ तळाला उभं राहायला मदत करतो, तोच दोन थरांच्या जोडाच्या मुळावर येतो. खालच्या थराचा पृष्ठभाग वाळला की वरचा त्याला नीट धरत नाही. क्यूबमध्ये असा जोडच नसतो, त्यामुळे त्याचा आकडा याबद्दल गप्प राहतो. आम्ही जोड ओढून तपासला, पण तोही 16 सेकंदांच्या अंतराचा. 4 मिनिटांचा तपासलाच नाही. शिवाय उंच, पातळ भिंत चिरडण्याआधी बाकदार होऊन कलंडू शकते. त्यासाठी ताकदीबरोबर ताठपणाही पाहावा लागतो.

पंपाबद्दल मात्र मी आमच्या म्हणण्यावर ठाम आहे. त्याच सकाळी त्याच होजमधून आमचं नेहमीचं मिक्स विनाअडथळा गेलं होतं. तुमचं अडकल्यावर ऑपरेटरने नोझलआधीचा जोड उघडला, तेव्हा आत कोरड्या वाळूचा बोळा घट्ट बसला होता. दाबाखाली पाणी आणि सिमेंटची लापशी पुढे निघून गेली आणि वाळू मागे साठली. तो फोटो रिपोर्टला जोडायला हवा होता, आता ईमेलने पाठवतो. पाणी वाढवून हे सुटणार नाही, उलट तळ आणखी लवकर फुगेल. वाळूत बारीक कण कमी दिसतात. थोडी फ्लाय ॲश वाढवा, किंवा पाणी धरून ठेवणारं ॲडमिक्श्चर (मिक्समध्ये घालायचं रसायन) वापरून पाहा. पंपात पातळ आणि थर पडल्यावर घट्ट, अशा दोन उलट मागण्या एकाच मिक्सकडून असतात. आमच्या रिपोर्टमध्ये 'पंपिंग' आणि 'थर रचणे' असे दोन वेगळे निकाल का होते, याचं उत्तर इथे आहे. तेव्हा हे दोन ओळींत लिहिलं असतं तर तुमचा वैताग वाचला असता.

फेरचाचणी आम्ही करून देतो, तिचे पैसे घेणार नाही. त्याच बॅचचं सिमेंट आणि तीच वाळू आणा, ॲडमिक्श्चरचा डबा सीलबंद आणा, आणि भिंतीचं ड्रॉइंग व प्रिंटरचा वेग लिहून द्या. थरांमध्ये 4 मिनिटांचं अंतर ठेवूनच प्रिंट करू, जोडही तेवढ्याच अंतराचा ओढू. हॉपरमध्ये (पंपाला मिक्स पुरवणाऱ्या टाकीत) मिक्स किती वेळ चालतं तेही तुमच्यासमोर मोजू. त्या दिवशी मी स्वतः लॅबमध्ये असेन.