शेताचा कोपरा

ख्रिस्ती उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी वसईतल्या आमच्या आळीच्या व्हॉट्सअॅप गटावर माझ्या धाकट्या चुलतभावाने एक सूचना मांडली आणि गेले जवळजवळ सहा आठवडे ती माझ्या डोक्यातून जात नाही. उपवासकाळात घरोघरी दिली जाणारी दानाची पाकिटे यंदाही भरावीत, मात्र जमलेली रक्कम फक्त आपल्या माणसांवर खर्च करावी, असे त्याचे म्हणणे होते. पाड्यावरच्या मुलांना वह्या दिल्या की कोणीतरी आमिष म्हणून बोट दाखवतो, आजाऱ्याला औषध दिले की धर्मांतराचा संशय घेतला जातो, मग नसती आफत ओढवून घ्यायची कशाला? गटातल्या बहुतेकांनी त्याला पसंतीचे अंगठे दिले. मी लांबलचक विरोध लिहिला, तेव्हा त्याने एका ओळीत उत्तर दिले, "दादा, पाउंडात कमावणाऱ्याचे तिथून सांगायला काय जाते?"

ती ओळ मला लागली. तरीही आधी त्याच्या सूचनेबद्दल बोलतो. ज्या बुधवारी आपण कपाळावर राख लावून घेतो, त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे येशू बजावतो. दान देताना कोण बघतो आहे याचा विचार करू नये, हे तिथे इतके स्पष्ट आहे की त्याचा दुसरा अर्थ निघत नाही. बघणारा कौतुकाने बघत असो की संशयाने, त्याच्यासाठी हात आखडला तर ते दान त्याच्याच मर्जीवर चालू लागले. त्याहूनही जुनी आज्ञा लेवीयच्या पुस्तकात आहे. पीक कापताना शेताचे कोपरे कापायचे नाहीत, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी उभे ठेवायचे. तिथे परक्याचे नाव मुद्दाम घेतले आहे. आमच्या वसईतल्या पिढ्यानपिढ्या वाडी कसणाऱ्या लोकांना ही आज्ञा समजावून सांगावी लागू नये.

माझ्याकडे आता वाडी नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या पूर्वेला काउन्सिलच्या अलॉटमेंटवर, नगरपालिका भाजी पिकवायला भाड्याने देते त्या जमिनीवर, अर्धा तुकडा आहे, पाच रॉडचा, म्हणजे साधारण सव्वाशे चौरस मीटर जमीन, आणि तीही साडेतीन वर्षे यादीत थांबल्यावर मिळाली. सध्या आमच्या न्हाणीघराच्या खिडकीत अंड्यांच्या ट्रेमध्ये बटाटे मांडून ठेवले आहेत. डोळे वरच्या बाजूला करून ठेवलेल्या त्या बटाट्यांना आता बोटाच्या पेराएवढे जाड, जांभळट कोंब आले आहेत आणि मुलगी रोज सकाळी दात घासताना ते मोजते. इथले जुने लोक शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, बटाटे लावतात. इंग्रजीत उपवासकाळाला असलेले लेंट हे नावच वसंताच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आले आहे, हे मला इथे आल्यावर कळले. लहानपणी माझ्या मनात उपवासकाळ म्हणजे उन्हाचा कडाका, तळाला गेलेले बावखल, म्हणजे वाडीतले तळे, आणि दुपारी पाणी शिंपून दमलेले बाबा असेच चित्र होते. इथे तो मातीवर तळवा टेकवून ऊब आली का हे पाहण्याचा काळ आहे. घड्याळे पुढे केली की संध्याकाळी सात वाजेपर्यंत खणता येते.

आमच्या फाटकाशी एक हिरवा क्रेट असतो. ज्याच्याकडे जास्त पिकते तो त्यात ठेवतो आणि गुरुवारी सकाळी तो चर्चच्या हॉलमधल्या फूड बँकेत, गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात, जातो. अलॉटमेंटची १९२२ च्या कायद्यातली व्याख्या अशी आहे की तिथली भाजी प्रामुख्याने स्वतःच्या कुटुंबासाठी पिकवायची. कायद्याने इतकी मोकळीक दिलेली असूनही तो क्रेट भरतो. माझ्या शेजारच्या तुकड्यावरचे काका गुजराती आहेत. ते मेथी ठेवतात, मी मुळा आणि कोबी ठेवतो, आणि क्रेटमध्ये एकदा पडलेल्या मेथीला धर्म उरत नाही. हे काका युगांडातून आलेले आहेत. १९७२ साली तिथून आशियाई लोकांना हाकलले जात होते, तेव्हा याच लेस्टरच्या काउन्सिलने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लेस्टरला येऊ नका असे लोकांना सांगितले होते. ते तरीही आले, आणि आज त्यांची मेथी अशा घरांत जाते ज्यांच्या आजोबांना ती जाहिरात योग्यच वाटली असेल. आपली माणसे कोण याची यादी माणसाच्या एका आयुष्यात किती बदलते, हे मी रोज कुंपणापलीकडे बघतो.

इथे वह्या वाटल्या म्हणून कोणी जमाव घेऊन येत नाही, असे चुलतभाऊ म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण आमिषाचा आरोप आजचा नाही. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतील या वादातून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी मोठी माणसे पंडिता रमाबाईंच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. रमाबाईंनी पाकीट बंद केले नाही. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली, आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा मध्य प्रांतातून शेकडो मुलींना त्याच जमिनीवर आणून जगवले. त्यांच्यावरचा आक्षेप पूर्ण खोटा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्यांना आपली श्रद्धा लपवायची नव्हती. परंतु त्या दुष्काळात कोणाची मुलगी उचलायची याचा हिशेब त्यांनी केला असता, तर केडगाव झालेच नसते.

मी ज्या शहरात राहतो तिथल्या हार्वे लेनच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये विल्यम केरी १७८९ पासून पाळक होते. चांभाराचे काम केलेला हा माणूस १७९३ साली बंगालला गेला आणि १८३४ मध्ये तिथेच वारला, एकदाही परत आला नाही. आपल्या मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ साली सेरामपूरला छापले. ते धर्मप्रसारासाठीच गेले होते, यात शंका नाही. पण त्याच माणसाने १८२० साली हिंदुस्थानातली शेती आणि बागाईत सुधारावी म्हणून एक सोसायटी काढली. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्यांनी बागेतल्या सावलीच्या जागी झटकली, तेव्हा त्या मातीतून काही दिवसांनी डेझीचे रोप उगवले आणि ते पाहून त्यांना झालेला आनंद त्यांनी पत्रात लिहून ठेवला आहे. आमच्या अलॉटमेंटच्या पायवाटेवर डेझी इतकी उगवते की आम्ही ती तुडवतच जातो. मी मात्र घरातल्या कुंडीत पानवेल जगवायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा ती जानेवारीत गेली.

आता त्या पाउंडाबद्दल. २०१२ च्या हिवाळ्यात माझी नोकरी गेली. माझ्या व्हिसावर सरकारी मदतीचा हक्क नाही असे स्पष्ट छापलेले होते. बायकोला सातवा महिना होता. आमच्या चर्चमधल्या एका म्हाताऱ्या आयरिश बाईने काही न विचारता फूड बँकेची चिठ्ठी मिळवून दिली आणि मी ती घेऊन त्याच हॉलमध्ये गेलो जिथे आता माझा कोबी जातो. दोन पिशव्या मिळाल्या. त्यांत बीन्सचे आणि टोमॅटोचे डबे, पास्ता, चहा, टिकाऊ दुधाची दोन खोकी आणि सर्वांत वर कोणाच्या तरी परसातल्या लीकच्या तीन काड्या होत्या, मुळांना ओली माती लागलेली. देणाऱ्यांपैकी कोणीही मी कुठला, कोणत्या पंथाचा, या देशात किती दिवस राहणार, हे विचारले नाही. बसमध्ये मी पिशवीचे तोंड मुठीत धरून बसलो होतो. त्या आठवड्यात आईला फोनवर सगळे ठीक आहे असे सांगितले, आणि हे आजवर आळीतल्या कोणालाही सांगितलेले नाही. तेव्हा मी आपला नव्हतो. मी शेताच्या कोपऱ्यावर उभा असलेला परका होतो, आणि माझ्यासाठी तो कोपरा कोणीतरी न कापता ठेवला होता. म्हणूनच चुलतभावाची सूचना मला साधी व्यवहाराची वाटू शकत नाही.

इतके लिहिल्यावर उरलेलेही लिहायला हवे. लहानपणी मी बाबांचे बोट धरून हरित वसईच्या मोर्चात चाललो आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो बोलत होते, ते सगळे मला समजले नव्हते, पण वाडी वाचवायची आहे आणि ते देवाचे काम आहे एवढे समजले होते. आमच्या वाडीत राजेळी केळी होती, सोनचाफा होता, कडेने पानवेलीचे मांडव होते. घड उतरला की पहिली फणी आई शेजारच्या आगरी बाईकडे पाठवायची, आणि बावखलाच्या पलीकडची शेवग्याची शेंग कोणी तोडली तरी बाबा विचारत नसत. दोन वर्षांपूर्वी भावंडांनी वाडी विकायचे ठरवले. मी बर्मिंगहॅमला वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सही केली, एका खिडकीवर वीस मिनिटांत काम झाले, आणि संध्याकाळी अलॉटमेंटवर येऊन लसूण लावला. बावखल बुजवल्याचा फोटो गटावर याच चुलतभावाने टाकला होता, खाली एक शब्दही न लिहिता. त्याने आपल्या वाट्याची वाडी अजून ठेवली आहे. पहाटे उठून तो मोगरा तोडतो आणि पाड्यावरच्या ज्या मुलांबद्दल हा सगळा वाद आहे, त्यांच्या आयांना कामही तोच देतो.

तो दानाबद्दल चुकतो आहे, हे माझे मत बदललेले नाही. मात्र शेताचा कोपरा सोडा असे त्याला सांगणाऱ्या मी सगळे शेतच दिले आहे, आणि ते गरिबाला दिलेले नाही. काल रात्री मी त्याला खाजगीत त्या २०१२ च्या दोन पिशव्यांबद्दल लिहिले. विक्रीच्या माझ्या वाट्यातले जे अजून बँकेत पडून आहे, त्यातून पाड्यावरच्या वह्यांचा खर्च यंदा मी देईन, आळीच्या नावाने किंवा चर्चच्या नावाने नाही, कोणाच्याच नावाने नाही, असेही लिहिले. त्याने संदेश वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसत आहेत, उत्तर आलेले नाही. वसईत आता पहाट झाली असेल आणि तो वाडीत असेल. परवा शुक्रवारी तीन वाजताची उपासना आहे, त्याआधी सकाळी बटाटे लावायचे आहेत. फाटकाजवळची शेवटची ओळ मी क्रेटसाठी धरली आहे.