तर्री-पोह्यांच्या आरोपाला उत्तर

नागपूर महापालिका निवडणुकीत आमच्या प्रभागातल्या अ, ब, क, ड या चारपैकी तीन जागांवर आमचा अकरा जणांचा नागरिक मंच कोणाच्या पाठीशी आहे, ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक मतदार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो :

‘काका, दहा-बारा पेन्शनर दिवाणखान्यात तर्री-पोहे खात बसले अन् आमचे उमेदवार ठरवून मोकळे झाले. नाल्याकाठच्या वस्तीत एकाला तरी विचारलं का? अकरा जणांत बाई एकच काहून? अन् ‘क’ जागेचा उमेदवार तुमच्या सोयरिकीतला आहे, ते लिहायचं विसरले वाटते.’

आधी माझी एक चूक कबूल करतो. 2017 मध्ये नागपुरात 38 प्रभाग होते आणि प्रत्येकात चार नगरसेवक, असं मी लिहिलं होतं. तो हिशेब 152 वर जातो. नगरसेवक होते 151, कारण एक प्रभाग तीन सदस्यांचा होता. ही चूक तुम्ही दाखवलेली नाही, माझी मलाच सापडली. तरी सांगून टाकतो, म्हणजे हेकट म्हणायला नको कोणी.

आता पोहे. बैठक दिवाणखान्यात झाली नाही, आमच्या ले-आउटमधल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाली. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातल्या दोन मोडक्या. पोहे होते, नाकारत नाही. तर्री नव्हती. अकरापैकी चौघांना पित्ताचा त्रास आहे आणि एकाची बायपास झालेली आहे. आणि असती तर्री, तरी काय बिघडलं असतं? या शहरात तर्री-पोह्यांशिवाय कोणता राजकीय निर्णय झाला आहे, तेवढं एकदा सांगा. पक्षांची तिकिटं ठरतात तिथे काय उपास असतो का?

‘पेन्शनर’ हा शब्दही तुम्ही शिवीसारखा वापरला आहे. तिघे जण अजून नोकरीत आहेत, एकाचं सीताबर्डीला दुकान आहे. राहिलेल्यांनी तीस-पस्तीस वर्षं नोकरी केली आणि पेन्शन घेतात, यात लाज कसली? आणि ‘काका’ म्हणालात ते प्रेमाने नव्हे, एवढं मला कळतं.

1971 मध्ये जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर निवडून गेले तेव्हा मी तिसरीत होतो. रात्री वडिलांसोबत महालात पोस्टर चिकटवायला जायचो. मैद्याची खळ आई शिजवायची, डबा मी धरायचो. पोस्टर कोणाचं होतं ते सांगत नाही, नाहीतर तेच धरून बसाल. सांगायचं एवढंच, की निवडणूक मी तुमच्यासारखी मोबाईलवर पाहिलेली नाही. हाताची खळ दोन दिवस निघायची नाही.

बैठकीत झालं काय, तेही ऐका. चार सदस्यांच्या प्रभागाची गोम अशी, की मतदाराला अ, ब, क, ड अशी चार मतं द्यायची असतात आणि बहुतेक लोक एकच चिन्ह शोधत खाली जातात. 2017 मध्ये भाजपचे 108 आणि काँग्रेसचे 29 निवडून आले. त्या 137 जणांतले किती स्वतःच्या कामावर आले आणि किती चिन्हाच्या पाठीवर बसून आले, हे त्यांचं त्यांना ठाऊक. निवडून आल्यावर गटार तुंबलं की अ म्हणतो ब ला विचारा, ब म्हणतो ते ड कडे आहे. म्हणून आम्ही पॅनल बघत नाही. जागा एकेक घेतो, शपथपत्रं वाचतो, उमेदवाराला समोर बसवतो. एक प्रश्न सगळ्यांना सारखाच असतो : 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, त्या सकाळी तुम्ही कुठे होता? तेव्हा नगरसेवक कोणीच नव्हतं. मुदत मार्च 2022 मध्येच संपली होती, कारभार प्रशासकाकडे होता. ज्याच्याकडे पदही नव्हतं, तो गुडघाभर पाण्यात उतरला का, एवढंच आम्हाला बघायचं असतं. एका उमेदवाराने त्या सकाळचे स्वतःचे फोटो आणले होते, सगळ्यांत पँट इस्त्रीची. त्याला तीन मतं पडली. पाठिंब्याला अकरापैकी आठ लागतात. ‘ड’ वर कोणालाच आठ मिळाली नाहीत, म्हणून ती जागा आम्ही मोकळी सोडली. दुकानदारी असती तर मोकळी सोडली असती का? (तुम्ही ‘दुकानदारी’ म्हणाला नाहीत, हे मान्य. पण सूर तोच आहे.)

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. वस्तीत दोनदा निरोप धाडला होता. बैठक रविवारी सकाळी असते आणि त्या वेळी तिथल्या बायका धुणीभांड्याला, माणसं ठिय्यावर गेलेली असतात. याला मंच काय करणार? बाई एकच आहे, खरं आहे. 50 टक्के आरक्षण महापालिकेत आहे, वाचनालयाच्या मागच्या खोलीत नाही. पोहे कोण करतं, असं विचारणार असाल तर तेही विचारून घ्या.

राहिली सोयरीक. ‘क’ चा उमेदवार माझ्या साळ्याचा व्याही आहे. मी हे लपवलेलं नाही, कोणी विचारलं नव्हतं. त्याला आठच मतं पडली आणि त्यात माझं एक होतं, हेही सांगतो. पण हात वर झाले तेव्हा माझा सहावा होता. आठवा हात ज्यांचा होता त्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तेव्हा निर्णय माझ्यामुळे झाला, हे म्हणणं टिकत नाही.

पुढची बैठक येत्या रविवारी साडेदहाला, त्याच खोलीत. या, पण नाव सांगून या. पोहे मिळतील. तर्री हवी असेल तर घरून आणा.