दह्याच्या टबातून युरिया निघत नाही

मजकूर असा फिरतोय: ‘हार्वर्डचा शोध! युरिया विकत घेऊ नका. टबात मीठ-पाणी घ्या, वाटीभर दही टाका, जुन्या सेलमधल्या दोन कार्बन कांड्या सोडून 100 वॉटच्या सोलर पॅनेलला जोडा. जिवाणू हवेतला नायट्रोजन ओढतात, आठ दिवसांत गोणीभर युरियाची ताकद! खत कंपन्यांनी हे दाबून ठेवलंय.’

शनिवारी ऐरोलीला गेले, तर मावशीने बंद गॅलरीत असा टब मांडलेला. घरभर स्विमिंग पूलसारखा वास. मुरबाडहून मामाचा फोन, ‘यंदा भाताला युरिया नको ना आणू?’ म्हणून लिहितेय.

आधी तो वास. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की एका कांडीवर क्लोरीन सुटतो, दुसरीवर हायड्रोजन. क्लोरीन फुप्फुसं जाळतो. हायड्रोजन बंद जागेत साठला तर एका ठिणगीने भडकतो. पाण्यात तयार होतं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच. जंतू मारायला जे वापरतात, तेच तुम्ही जिवाणू वाढवायच्या टबात बनवताय! शिवाय दह्यातले लॅक्टोबॅसिलस दुधातल्या साखरेचं आम्ल करतात. हवेतला नायट्रोजन धरणं त्यांना जमतच नाही, टबात मीठ असो वा नसो.

हार्वर्डचं काम खरं आहे, हे मान्य. 2017 साली डॅनियल नोसेरा आणि पामेला सिल्व्हर यांच्या गटाने ते ‘पीएनएएस’ या नियतकालिकात छापलं (मग दाबलं कुणी?). त्यांचा जिवाणू झँथोबॅक्टर ऑटोट्रॉफिकस. विजेने पाणी फोडून मिळालेल्या हायड्रोजनवर तो जगतो आणि त्याच जोरावर नायट्रोजनचा अमोनिया, म्हणजे पिकाला घेता येईल असं रूप, करतो. हे जिवाणू मातीत दिल्यावर मुळा चांगला पोसला. पण त्यांचे इलेक्ट्रोड कोबाल्टचे होते, जिवाणूंना मारणार नाहीत असे मुद्दाम घडवलेले. सेलच्या कांड्या नव्हेत.

आता ‘गोणीभर’. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के, म्हणजे 20.7 किलो नायट्रोजन. त्याचा अमोनिया करायला किमान 4.4 किलो हायड्रोजन हवा. चांगल्या यंत्रातही एक किलो हायड्रोजनला 50 युनिटच्या आसपास वीज जाते. म्हणजे सव्वादोनशे युनिट. 100 वॉटचं पॅनेल दिवसाला अर्धा युनिट देईल, तेही ऊन चांगलं असेल तर. हिशोब सव्वा वर्षाचा होतो, आठ दिवसांचा नाही. आणि यात जिवाणूंना स्वतःला लागणारी ऊर्जा धरलेलीच नाही.

युरियाच्या कारखान्यांना प्रचंड ऊर्जा लागते, हे मात्र खरं. हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतून काढतात आणि अमोनियासाठी 400 ते 500 अंश तापमान, वर हवेच्या दाबाच्या शेकडो पट दाब. त्याला पर्याय हवाच आहे. म्हणूनच अशा थापांचा राग येतो: उद्या खरी गोष्ट शेतकऱ्यापर्यंत आली तरी तो विश्वास ठेवणार नाही.

मामा, जिवाणूच हवेत ना? खाचरात अझोला (पाण्यावर तरंगणारं नेचं) सोड. त्याच्या पानांत राहणारा ॲनाबिना नावाचा जिवाणू हवेतला नायट्रोजन खरोखर धरतो. युरिया थोडा कमी करता येईल, पण किती ते कृषी सहायकाला विचारून ठरव. एकदम बंद केलास तर फुटवे कमी येतील.

मावशी, पॅनेलची वायर काढून ठेव, गॅलरीच्या खिडक्या उघड्या राहू देत. टबातलं पाणी कुंड्यांत ओतू नकोस, मिठाने झाडं जळतील. आणि टब धुताना टॉयलेट क्लीनर अजिबात वापरू नकोस. ॲसिड लागलं की उरलेल्या ब्लीचमधून पुन्हा क्लोरीन सुटेल.