मनूची नाव, नोहाचं तारू आणि एक फिरता मेसेज

परवा उधाणाच्या भरतीच्या इशाऱ्यांबरोबरच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणखी एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तो माझ्या माहेरच्या आणि शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही पोचला होता. त्यातला मजकूर थोडक्यात असा: जगातल्या प्रत्येक संस्कृतीत जलप्रलयाची एकच कथा आहे, म्हणजे एके काळी अख्खी पृथ्वी पाण्याखाली होती. बायबलमधला नोहा आणि कुराणातला नूह म्हणजे आपला मनूच. हिमालयातले समुद्री जीवाश्म आणि इराकमधलं उत्खनन हे त्याचे पुरावे. मूळ कथा आपली, बाकीच्यांनी ती उचलली. शेवटी ‘अभिमानाने पुढे पाठवा’.

आजी दशावतार सांगायची ते मत्स्यापासून. ही गोष्ट माझ्या फार जवळची आहे, म्हणूनच मेसेज वाचून गप्प बसवेना.

‘प्रत्येक संस्कृतीत एकच कथा’ हे तपासायला मुंबईबाहेरही जावं लागत नाही. आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात, त्यातल्या वेंदिदाद या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात, यिमाची कथा आहे. यिम म्हणजे आपल्या यमाचाच भाऊबंद. अहुर मज्द हा देव त्याला सांगतो, भयंकर हिवाळा येतोय, ‘वर’ नावाचं बंदिस्त आवार बांध आणि त्यात उत्तमातली माणसं, जनावरं, झाडांची बीजं सांभाळ. संकट थंडीचं आणि हिमाचं आहे, पाणी येतं ते बर्फ वितळल्यावर. नाव नाही, मासा नाही. वेदांच्या भाषेची सर्वांत जवळची बहीण म्हणजे अवेस्ताची भाषा, आणि तिथेच कथा एवढी निराळी.

चीनमध्ये पूर आहे, पण तिथला नायक यू नावेत बसून सुटत नाही. त्याच्या वडिलांनी पाणी बांध घालून अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. यूने वाटा खोदून पाणी समुद्राकडे नेलं. पाटबंधाऱ्यांची कथा आहे ती! इजिप्तमध्ये नाईलचा पूर दरवर्षी यायचा आणि शेतात गाळ टाकून जायचा, पूर न येणं हेच तिथलं संकट. त्यांच्या कथेत माणसांचा संहार करत सुटते ती देवी, आणि तिला आवरायला शेतांमध्ये लाल रंगवलेली बिअर ओतली जाते.

जिथे पूर आणि नाव दोन्ही आहेत, तिथे पूर कशासाठी आला ते विचारा. बाबिलोनी, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, अत्राहासिसच्या काव्यात माणसं वाढतात, त्यांच्या गोंगाटाने एन्लिल देवाची झोप मोडते, म्हणून तो पूर धाडतो. नोहाच्या कथेत देव माणसाच्या दुष्टपणाला विटतो. आणि मनूच्या सर्वांत जुन्या कथेत, शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात, कारणच दिलेलं नाही. पूर येणार आहे, एवढंच मासा सांगतो. कारण बदललं की गोष्ट बदलते. या तिघांना एकच ठरवायचं तर प्रत्येकाचं म्हणणं पुसावं लागतं.

मनू आणि नूह ही नावं कानाला जवळची वाटतात, तेवढंच. मनू हा शब्द ‘मन्’, म्हणजे विचार करणे, या धातूतला. नोहाचं नाव हिब्रूतल्या ‘विसावणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. आणि नोहापेक्षा जुन्या मेसोपोटेमियन, म्हणजे त्याच प्राचीन इराकमधल्या, कथांमध्ये हाच नायक झिउसुद्र, अत्राहासिस, उत्नपिश्तिम अशा नावांनी येतो. त्यांत मनू कुठे शोधायचा?

हिमालयातल्या जीवाश्मांचा पुरावा तर कित्येक मराठी घरांच्या देव्हाऱ्यात आहे. आमच्याकडे सासूबाईंनी दिलेला शालिग्राम आहे, गंडकीचा. त्याच्यावरचं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा ठसा. तो खरोखर समुद्रातलाच. पण पाणी डोंगरावर चढलं म्हणून तो तिथे गेला नाही, समुद्राचा तळच वर उचलला गेला. भारताचा भूखंड आशियाला भिडायला लागून साधारण ५ कोटी वर्षं झाली, मधल्या टेथिस समुद्राचा गाळ घड्या पडून हिमालयात चढला. अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले. आपली मानवजात आहे जेमतेम ३ लाख वर्षांची. शिवाय आज पृथ्वीवरचं सगळं बर्फ वितळलं तरी समुद्र ७० मीटरच्या आसपास वाढेल, आणि एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे.

समुद्र वाढला होता हे मात्र खरं. हिमयुग सरताना तो सुमारे १२० मीटर चढला, पण त्याला दहा हजारांहून जास्त वर्षं लागली. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात प्रिन्सेस डॉक खणताना चिखलात उभी, मुळांसकट झाडं सापडली होती. मुंबईखालचं बुडालेलं रान! जमीन पाण्याखाली जाते, पण नोहाच्या कथेतल्यासारखी चाळीस दिवसांच्या पावसात सगळी पृथ्वी जात नाही.

इराकमधल्या उत्खननावर थोडं थांबायला हवं, कारण तिथे खरंच काहीतरी सापडलं होतं. १९२९ च्या सुमारास ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना ऊर या प्राचीन शहराखाली आठ फुटांहून जाड स्वच्छ गाळाचा थर लागला आणि नोहाचा ‘तो’ पूर सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. पुढे किश आणि शुरुप्पाक या तिथल्याच प्राचीन शहरांतही पुराचे थर मिळाले, पण ते ऊरच्या थराच्या काळातले नव्हते. आणि ऊरपासून विसेक किलोमीटरवरच्या एरिडूत असा थरच नाही.

हे मला मुंबईकर म्हणून चटकन कळतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्यात ७३. मी कलिन्यातून छातीएवढ्या पाण्यातून चालत घर गाठलं, आणि कुलाब्यात कामाला असलेल्या माझ्या भावाला ते दुसऱ्या दिवशीही खरं वाटत नव्हतं. हजारो वर्षांनी कुणी दोन्हीकडे खणलं तर एका जागी गाळ मिळेल, दुसऱ्या जागी काहीच नाही. कलिन्यातल्या माणसांसाठी तो प्रलयच होता. खेडच्या लोकांनी तर आपल्या नदीचं नावच जगबुडी ठेवलंय. पूर येतो तेव्हा बुडतं ते त्या खोऱ्यातलं जग, आणि त्यात राहणाऱ्याला दुसरं जग कुठे असतं? टायग्रिस-युफ्रेटिसच्या सपाट मुलखात असे पूर पुन्हा पुन्हा आले. शुरुप्पाकचा थर साधारण इ.स.पू. २९०० चा आहे, आणि उत्नपिश्तिम कथेत शुरुप्पाकचाच. तिथल्या कथेमागे अशा एखाद्या पुराची आठवण असणं मला पटतं.

राहिला अभिमानाचा मुद्दा, ‘मूळ कथा आपली’. अत्राहासिसच्या मातीच्या पाट्या इ.स.पू. सतराव्या शतकातल्या आहेत. ऋग्वेदात मनू अनेकदा येतो, पण जलप्रलयाची गोष्ट येत नाही. ती सविस्तर पहिल्यांदा भेटते शतपथ ब्राह्मणात, म्हणजे अत्राहासिसनंतर बऱ्याच शतकांनी. नोहाचं नातं कुणाशी हेही १८७२ मध्ये कळलं, जेव्हा जॉर्ज स्मिथ यांनी ब्रिटिश म्युझियममधली, निनवे या प्राचीन शहरातून आलेली, गिल्गमेश या मेसोपोटेमियन महाकाव्याची पाटी वाचली. तारू डोंगरावर टेकतं, जमीन दिसते का हे पाहायला पक्षी सोडतात, यज्ञाचा सुवास देवांपर्यंत जातो. हे सगळं त्या पाटीत आहे आणि नोहाकडे आहे. मनूकडे पक्षी नाहीत. मनूची कथा तिकडून आली की इथेच उगवली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण नोहाची इथून गेली, याला आधार नाही.

आणि आपल्याकडे ती कशी वाढत गेली हे पाहण्यासारखं आहे. शतपथात सकाळी हात धुताना मनूच्या हातात एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. तो कोण, हे सांगितलेलंच नाही. महाभारतात तो मासा स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो. पुराणांत तो विष्णू होतो. भागवतात मनूच्या जागी द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो, कृतमाला नदीत तर्पण करणारा, आणि वेद चोरणारा हयग्रीवही येतो. आजीने सांगितली ती या शेवटच्या थरातली गोष्ट.

पण सर्वांत जुन्या गोष्टीत पुरानंतरचं जे आहे, ते मला दुसरीकडे कुठे भेटलं नाही. पाणी ओसरतं, मनू एकटा उरतो. संततीसाठी तो पाण्यातच तूप, दही अर्पण करतो. वर्षभराने त्यातून एक स्त्री उभी राहते. ‘तू कोण?’ मनू विचारतो. ‘तुझी मुलगी.’ ती इडा. यज्ञातल्या इडा नावाच्या भागाचा अर्थ उलगडण्यासाठीच शतपथाने ही सगळी गोष्ट सांगितली आहे. मेसेजमध्ये ती मुलगी कुठेच नाही.