हैतीला अमेरिकेने काय दिले आणि काय नेले

कॅरिबियन समुद्रातल्या हैती या देशाविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे इंग्रजीतून, हिंदीतून आणि आता मराठीतूनही फिरतो आहे. त्याचा आशय असा : हा देश १८०४ साली, म्हणजे आपल्या कितीतरी आधी स्वतंत्र झाला, दोनशे वर्षे हाताशी असूनही त्याला राज्य चालवता आले नाही, अमेरिकेने वेळोवेळी सैन्य पाठवून तिथे घडी बसवून दिली, अब्जावधी डॉलर ओतले, ते पुढाऱ्यांनी खाल्ले, त्याच बेटावरचा डोमिनिकन रिपब्लिक मात्र बरा चालला आहे, तेव्हा दोष परक्यांचा नसून तिथल्या माणसांचाच. हे सगळे सपशेल खोटे असते तर उत्तर देणे सोपे होते. यातल्या बहुतेक विधानांत अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे गाळलेले आहे, ही खरी अडचण.

दोनशे वर्षांच्या संधीपासून सुरुवात करू. हैती म्हणजे पूर्वीची फ्रेंच वसाहत सां-दोमिंग. साखर आणि कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या सुमारे पाच लाख गुलामांनी १७९१ साली उठाव केला, नेपोलियनने पाठवलेल्या फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. हा पराभव अटळ दिसू लागल्यावर अमेरिका खंडातले साम्राज्य सांभाळण्यात नेपोलियनला रस उरला नाही, आणि १८०३ मध्ये त्याने लुइझियानाचा अवाढव्य प्रदेश दीड कोटी डॉलरना विकून टाकला. अमेरिकेचे क्षेत्रफळ त्या व्यवहाराने जवळपास दुप्पट झाले. एवढा लाभ पदरात पडूनही राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या सरकारने १८०६ मध्ये हैतीशी व्यापार करण्यावर बंदी घातली, आणि राजनैतिक मान्यता द्यायला तर १८६२ साल उजाडावे लागले. गुलामांनी मालकांना हाकलून स्थापन केलेल्या देशाचा वकील वॉशिंग्टनमध्ये सन्मानाने वावरावा, हे दक्षिणेकडच्या राज्यांना मानवणारे नव्हते. ती राज्ये फुटून निघाली, यादवी युद्ध पेटले, तेव्हाच लिंकन यांना हे पाऊल टाकता आले.

फ्रान्सने तर याहून कडी केली. १८२५ मध्ये चौदा युद्धनौका हैतीच्या किनाऱ्याशी उभ्या करून, गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक मागण्यात आले, आणि त्या मालमत्तेत खुद्द हैतीची माणसेही धरलेली होती. संपूर्ण लुइझियाना विकला गेला होता सुमारे ८ कोटी फ्रँकना, हे लक्षात घेतले म्हणजे या मागणीचा आकार कळतो. पुढे १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आणली गेली, पण तोवर पहिला हप्ता भरण्यासाठी पॅरिसच्याच सावकारांकडून कर्ज काढावे लागले होते, आणि तीन कोटींच्या त्या कर्जातले साठ लाख सावकारांनी आधीच कापून घेतले होते. दादाभाईंचा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त शाळेत वाचलेल्या माणसाला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

आता अमेरिकी सैन्याने घडी बसवली, हा मुद्दा. तो सर्वांत जास्त पटवला जातो, म्हणून त्याकडे जरा थांबून पाहायला हवे. १९१५ साली संतप्त जमावाने राष्ट्राध्यक्ष विल्ब्राँ गियोम साम यांना ठार मारले आणि त्याच दिवशी, २८ जुलैला, अमेरिकी नौसैनिक राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरले. मजकुरातली कथा इथून सुरू होते. खरी कथा त्याच्या सात महिने आधीची आहे. १७ डिसेंबर १९१४ रोजी, कोणताही जमाव खवळलेला नसताना, भर दुपारी अमेरिकी नौसैनिकांची एक छोटी तुकडी हैतीच्या राष्ट्रीय बँकेत गेली, पाच लाख डॉलरचे सोने लाकडी पेट्यांत भरले, गाडीवरून बंदरावर नेले आणि मचायस या युद्धनौकेवर चढवले. ते सोने न्यूयॉर्कला पोचले, वॉल स्ट्रीटवरच्या बँकेच्या तिजोरीत. हैतीच्या राष्ट्रीय बँकेत अमेरिकी बँकांचे भागभांडवल होते आणि आपला पैसा सुरक्षित राहावा, अशी त्यांची इच्छा होती. हैतीच्या सरकारने निषेध नोंदवला. त्याचा उपयोग झाला नाही. सुव्यवस्थेची काळजी ही त्यानंतरची गोष्ट.

नौसैनिक उतरल्यावर सप्टेंबर १९१५ मध्ये जो करार झाला, त्याने जकात वसुली अमेरिकी अधिकाऱ्याच्या हाती गेली, तिजोरीवर अमेरिकी सल्लागार बसला आणि अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली नवे पोलीस दल उभे राहिले. मराठी वाचकाला या रचनेसाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. १८०२ च्या वसईच्या तहानंतर पुण्यात तैनाती फौज आली तेव्हा गादीवर पेशवेच होते, तसे हैतीतही राष्ट्राध्यक्ष हैतीचेच राहिले. परकीयांना जमीन विकत घेण्यास स्वातंत्र्यापासून असलेली मनाई उठवणारी नवी राज्यघटना विधिमंडळाने नाकारली, तेव्हा विधिमंडळ बरखास्त झाले आणि १९१८ मध्ये नौसैनिकांच्या देखरेखीखाली सार्वमत घेण्यात आले. निकाल असा : बाजूने ९८ हजारांहून अधिक, विरोधात ७६८. असे निकाल कोणत्या प्रकारच्या मतदानात लागतात, हे सांगणे नलगे.

रस्ते बांधले गेले, हे खरेच. ते वेठबिगारीने बांधले गेले. एक जुना, विस्मरणात गेलेला कायदा पुन्हा उकरून काढून शेतकऱ्यांना रस्त्याच्या कामावर जुंपण्यात आले, आणि पळून जाऊ नये म्हणून काहींना दोरखंडाने एकत्र बांधून नेले जाई. ज्यांच्या पणज्यांनी गुलामगिरी मोडली त्या लोकांना हे कसे वाटले असेल? डोंगराळ भागात बंड पेटले. त्याचा म्होरक्या शार्लमान्य पेराल्त १९१९ मध्ये मारला गेला आणि त्याचे प्रेत दाराच्या फळीला बांधून, उभे करून त्याचे छायाचित्र काढण्यात आले. लोकांनी घाबरावे म्हणून त्या छायाचित्राच्या प्रती वाटल्या गेल्या. पण त्या चित्रात लोकांना क्रुसावरचा ख्रिस्त दिसला आणि पेराल्त हुतात्मा झाला. सैन्य १९३४ मध्ये परतले, तिजोरीवरची देखरेख मात्र १९४७ पर्यंत टिकली.

अब्जावधी डॉलर आणि ते खाणारे पुढारी, हा मुद्दा फेटाळता येणार नाही. ड्युव्हालिए या हुकूमशहा बापलेकांनी १९५७ ते १९८६ देश लुटला. अलीकडे व्हेनेझुएलाच्या सवलतीच्या तेलातून उभ्या राहिलेल्या पैशाचे काय झाले, याचे वाभाडे सरकारी हिशेब तपासणाऱ्या हैतीच्याच लेखा न्यायालयाने २०१९ मध्ये काढले. हैतीच्या सत्ताधाऱ्यांना निर्दोष ठरवण्यासाठी हा लेख नाही. पण थोरल्या ड्युव्हालिएला कम्युनिस्टविरोधक म्हणून वॉशिंग्टनने पोसले आणि धाकटा पळाला तो अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून, हेही त्याच जमाखर्चाचे पान आहे. आणि पुढाऱ्यांनी खाल्ले असे म्हणायला पैसा आधी त्यांच्या हाती पडावा लागतो. २०१० च्या भूकंपानंतर देणगीदार देशांनी तातडीच्या मदतीवर जो पैसा खर्च केला, त्यातला जेमतेम एक टक्का थेट हैती सरकारला मिळाला. उरलेला परदेशी लष्करे, आंतरराष्ट्रीय यंत्रणा, बिगरसरकारी संस्था आणि कंत्राटदार यांच्यामार्फत गेला. सरकार भ्रष्ट आहे म्हणून त्याला वगळायचे, आणि वगळल्यामुळे ते आणखी दुबळे झाले की पुढच्या वेळी वगळण्याला तेच कारण द्यायचे, असा हा प्रकार आहे.

मदतीचे दुसरे रूप तांदळाचे आहे. १९८० च्या दशकापर्यंत हैती स्वतःच्या गरजेपुरता तांदूळ बहुतांशी स्वतः पिकवत असे, मुख्यतः आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यात. लष्करी बंडाने पदच्युत झालेले राष्ट्राध्यक्ष अरिस्तीद १९९४ मध्ये अमेरिकी सैन्यासह परत आले, आणि त्या पाठोपाठ तांदळावरचे आयात शुल्क ३ टक्क्यांपर्यंत खाली आणले गेले. सरकारी अनुदानावर वाढलेला अमेरिकी तांदूळ बाजारात लोटला. बाजारातल्या बायका त्याला आजही ‘दिरी मायामी’, मायामीचा तांदूळ, म्हणतात. खोऱ्यातला शेतकरी हरला आणि त्याची मुले राजधानीच्या झोपडपट्ट्यांत आली, त्याच झोपडपट्ट्यांत, जिथून पुढे टोळ्यांना पोरे मिळाली. यावर माझ्यापेक्षा वजनदार साक्ष आहे. ज्यांच्या कारकिर्दीत हे घडले त्या बिल क्लिंटन यांनीच मार्च २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे कबूल केले की हे धोरण त्यांच्या आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांच्या फायद्याचे ठरले असेल, पण हैतीसाठी ती चूक होती.

डोमिनिकन रिपब्लिकशी तुलना वरवर बिनतोड दिसते. केवळ अमेरिकी ताब्याने हैती बुडाला, असे म्हणणाऱ्यांनाही ती अडचणीत आणते, कारण १९१६ ते १९२४ या काळात तो देशही अमेरिकी नौसैनिकांच्याच ताब्यात होता. मात्र फ्रान्सची खंडणी त्याच्या मानगुटीवर नव्हती, आणि जवळपास तेवढ्याच लोकसंख्येला तिथे पावणेदोनपट जमीन आहे. याहून महत्त्वाचे म्हणजे १९६० च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न साधारण सारखेच होते. दरी त्यानंतरची आहे, आणि तिची कारणे त्या साठ वर्षांच्या राज्यकारभारात, धोरणांत आणि हस्तक्षेपांत शोधावी लागतील. माणसांच्या स्वभावात नव्हेत, कारण १९६० नंतर माणसे बदललेली नाहीत.

राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईज यांची ७ जुलै २०२१ रोजी हत्या झाल्यापासून तिथे निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष नाही, आणि राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या हाती गेला आहे. मजकुराच्या शेवटी हेच चित्र पुरावा म्हणून जोडलेले असते. पण हैतीत बंदुकांचे कारखाने नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनुसार टोळ्यांची बहुतेक शस्त्रे अमेरिकेतून, विशेषतः फ्लोरिडातून येतात. मायामी नदीच्या धक्क्यांवरून जुन्या गाद्या, वापरलेल्या सायकली आणि खाण्यापिण्याचे सामान घेऊन छोटी मालवाहू जहाजे हैतीला निघतात, आणि त्या सामानाच्या ढिगात सुटे भाग केलेल्या बंदुका आणि काडतुसांची खोकी लपवलेली सापडली आहेत.